प्रलयोत्तर लार्पमधील खलगट आणि प्राणघातक खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लार्प म्हणजे वेशभूषा करून, आपले पात्र प्रत्यक्ष वावरून आणि बोलून खेळायचा भूमिका-खेळ. जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या काल्पनिक काळात घडणाऱ्या लार्पविषयी नव्या खेळाडूंच्या आणि होतकरू आयोजकांच्या शंका बहुधा दोन गोष्टींभोवती फिरतात. एक म्हणजे त्यातील दुष्ट टोळ्या, म्हणजेच खलगट, आणि दुसरी म्हणजे या टोळ्या भरवतात ते जीवघेणे खेळ. पुढील उत्तरे या दोन गोष्टींपुरतीच आहेत.

खलगट म्हणजे नेमके कोण?

ज्यांच्या उद्दिष्टामुळे इतर पात्रांचे जगणे अवघड होते, असा संघटित गट म्हणजे खलगट. वाटमारी करणाऱ्या टोळ्या, माणसे पकडून विकणारे व्यापारी, प्रलयालाच ईश्वरी कौल मानणारा पंथ, जुन्या सैन्याचे उरलेले तुकडे आणि पाण्याच्या किंवा इंधनाच्या साठ्यावर बसलेले मक्तेदार ही त्याची नेहमीची रूपे आहेत. एकटादुकटा दुष्ट माणूस मारला की प्रश्न संपतो. गटाचे तसे होत नाही, कारण त्याला तळ असतो, शिस्त असते, अंतर्गत भांडणे असतात आणि म्हाताऱ्या सरदारानंतर गादीवर बसायला टपलेला कोणीतरी असतो. दोन-तीन दिवस चालणाऱ्या खेळाला पुरेल इतके कथानक यातूनच निघते.

चांगला खलगट कसा रचावा?

सुरुवात मुखवट्यांपासून किंवा अणकुचीदार खांदेपट्ट्यांपासून न करता एका प्रश्नापासून करावी : या गटाकडे असे काय आहे, ज्यावाचून इतरांचे चालत नाही? ज्या टोळीकडून इतरांना काहीच नको असते, तिच्याशी फक्त लढता येते, आणि लढाई पंधरा मिनिटांत संपते. ज्या टोळीकडे वस्तीतील एकमेव विहीर आहे, प्रतिजैविके आहेत किंवा चालू स्थितीतील जनरेटर आहे, तिच्याशी बोलावे लागते, सौदा करावा लागतो, तिच्या अटी ऐकून घ्याव्या लागतात, आणि त्या अटी मान्य करणाऱ्या शेजाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी संशयाने पाहावे लागते. खलगट वस्तीबाहेर असला, तरी त्याचा परिणाम वस्तीच्या आत दिसला पाहिजे.

दुसरी गरज म्हणजे गटाला स्वतःच्या दृष्टीने पटणारे कारण हवे. पाण्याचा मक्तेदार स्वतःला दुष्ट समजत नाही. आपण पाणी मोजून दिले नाही, तर महिन्याभरात विहीर आटेल आणि सगळेच मरतील, असे तो मनापासून मानतो. त्याचे म्हणणे अंशतः खरे असेल, तर खेळ आणखी रंगतो. तिसरी गरज फटीची असते. गटातील एकाचा नेत्यावर रोष आहे, एकाची बहीण वस्तीत आहे, एकजण व्यसनामुळे औषधवाल्याच्या मुठीत आहे, अशा दोन-तीन गोष्टी आयोजकांनी आधीच पेरून ठेवाव्यात, म्हणजे हातघाईवर न येणाऱ्या खेळाडूंनाही शिरकाव करायला जागा मिळते.

संख्येबाबत आमचे मत असे आहे की चाळीस खेळाडूंच्या खेळात सहा-सात जणांचा खलगट पुरतो. संख्या निम्म्यावर गेली की ते दोन सैन्यांचे युद्ध होते, आणि युद्धाच्या खेळाचे शास्त्र वेगळे आहे.

खलगटाने जिंकायचे की हरायचे?

हरायचे, मात्र ते योग्य वेळी आणि योग्य माणसाकडून. उत्तर युरोपातील लार्पकार ज्याला हरण्यासाठी खेळणे म्हणतात, त्या पद्धतीत खेळाडू आपल्या पात्राचा फायदा पाहण्याऐवजी प्रसंगाचा फायदा पाहतो. पात्र जीव तोडून जिंकू पाहत असते, पण खेळाडू दार किंचित उघडे ठेवतो, पहाऱ्यावर डुलकी घेतो, नको तिथे बढाई मारतो आणि गुपित फोडून बसतो.

कोकणातील दशावतारात ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे पहिल्या ओळीतल्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक असते. तरीही त्याच्या प्रवेशाची वाट पाहिली जाते, कारण तो येतो तेव्हा रंगमंचावर काहीतरी घडू लागते. खलगटाच्या खेळाडूने आपले यश असेच मोजावे. आपल्यामुळे किती जणांना निर्णय घ्यावे लागले, किती जणांना शौर्य किंवा भित्रेपणा दाखवायची संधी मिळाली, हा त्याचा हिशोब आहे. आपण किती जणांना पाडले, हा नव्हे. ज्याला हरणे मनापासून सोसत नाही, त्याला खलगटात घेऊ नये. तो इतरत्र उत्तम खेळाडू असू शकतो.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. खलगटाने एकाच व्यक्तीला वारंवार लक्ष्य करू नये आणि शक्यतो ज्याच्याकडे अजून काही घडलेले नाही, अशा पात्राकडे जावे. कोपऱ्यात गप्प बसलेल्या नवख्या खेळाडूकडे टोळीचा सरदार स्वतः चालत आला आणि त्याच्याकडूनच वस्तीची खबर मागू लागला, तर त्या खेळाडूचा दिवस सार्थकी लागतो.

खलगटात खेळाडू असावेत की आयोजकांनी नेमलेली माणसे?

दोन्ही पद्धती चालतात. अमेरिकेत २००९ पासून चालत आलेल्या ‘डिस्टोपिया रायझिंग’ या प्रलयोत्तर लार्पच्या जाळ्यात मृतवत भटकणारे प्राणी, लुटारू आणि इतर शत्रू आयोजकांच्या बाजूने उभे केले जातात, आणि सामान्य खेळाडूही आळीपाळीने काही तास त्या बाजूला जाऊन काम करतात. याचा मोठा लाभ असा की प्रत्येकाला मार खाण्याची बाजू कळते आणि खलगटाविषयी वैर साठून राहत नाही. उलट, पूर्ण वेळ खलगटात राहणारे खेळाडू गटाला खोली देतात, त्यांची भाषा, रीतिरिवाज आणि आपसांतील निष्ठा खऱ्या वाटू लागतात. आमची पसंती मिश्र पद्धतीला आहे : नेता आणि त्याचे दोन विश्वासू पूर्ण वेळ असावेत, आणि बाकीचे बळ पाळीने यावे.

खलगट नसला तर चालत नाही का?

उत्तम चालते. १९९८ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या ‘ग्राउंड झीरो’ या लार्पमध्ये १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगाच्या काळातील अमेरिकी शेजारी बॉम्बपासून बचावासाठी तळघरात जमतात आणि बाहेर अणुयुद्ध होते. तिथे शत्रू दिसतच नाही. बंद खोली, रेडिओ आणि वाट पाहणे यांवर सारा खेळ उभा असतो. पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांना आम्ही आधी असाच लहान, खलगटाविना खेळ करून पाहायला सुचवतो.

खलगटाच्या रूपात काय टाळावे?

प्रलयोत्तर वेशभूषेत हाडांचे दागिने, रंगवलेली तोंडे आणि पिसे यांचा ‘रानटी’ देखावा फार सहज येतो, आणि तो टाळावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडे याला विशेष कारण आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी महाराष्ट्रातील पारध्यांसारख्या समाजांना त्या शिक्क्याचे चटके आजही बसतात. लुटारूंच्या टोळीला कोणत्याही खऱ्या समाजाचा पेहराव, बोली, आडनावे किंवा देवके देणे म्हणजे तोच शिक्का खेळ म्हणून पुन्हा मारणे होय. जात, धर्म आणि प्रांत यांवरून ओळखू येणारा खलगट करू नये. टोळीची ओळख भंगारातून घडवावी : टायरच्या पट्ट्या, वाहनांच्या नंबरप्लेट, जुन्या वीजमंडळाच्या पाट्या, एखादा ठरावीक रंग, हाताची एखादी खूण.

खऱ्या अत्याचारी राजवटींची चिन्हेही नकोत. नाझी चिन्हे मिरवणे जर्मनीत गुन्हा आहेच, आणि कायदा नसेल तिथेही त्यांनी खेळाचा विषय भलतीकडे जातो. लैंगिक अत्याचार खेळातून पूर्णपणे वगळावा आणि हे नियमपुस्तिकेत स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘आमच्या टोळीचा इतिहास तसा आहे’ एवढा उल्लेखसुद्धा नसावा, कारण ऐकणाऱ्यांत कोण काय सोसून आलेले आहे, हे आपल्याला दिसत नाही.

‘प्राणघातक खेळ’ म्हणजे काय आणि तो लार्पमध्ये का ठेवतात?

कथेतील पात्रांच्या जिवावर बेतणारा, पण खेळाडूंच्या केसालाही धक्का न लावणारा खेळ. आखाड्यातील झुंज, पळणाऱ्याची शिकार, विषाचे पेले, मरणाची सोडत ही त्याची रूपे. खलगटाची सत्ता नुसती बोलून दाखवण्याऐवजी सर्वांसमोर प्रत्यक्ष घडवता येते, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण असे की सारी वस्ती एका जागी जमते आणि प्रत्येकाला काहीतरी भूमिका घ्यावीच लागते.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात २०१० पासून भरणारा ‘वेस्टलँड वीकेंड’ हा काटेकोर अर्थाने लार्पपेक्षा उत्सव अधिक आहे, पण तिथली घुमटाकार जाळीतील झुंज या प्रकाराचा चांगला नमुना आहे. प्रतिस्पर्धी लवचीक दोरांना बांधलेल्या पट्ट्यांत लटकतात, मऊ आवरणाच्या दांड्यांनी एकमेकांवर झेपावतात आणि प्रेक्षक जाळीवर चढून आरडाओरडा करतात. देखावा भयंकर दिसतो, प्रत्यक्षातील धोका मात्र साधनांनी बांधून टाकलेला असतो.

याहून मोलाचे उदाहरण जगर या खेळाचे आहे. १९८९ च्या, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या एका प्रलयोत्तर चित्रपटात दोन संघ कुत्र्याची कवटी प्रतिस्पर्ध्याच्या खुंटावर रोवण्यासाठी एकमेकांची हाडे मोडतात. १९९० च्या दशकात जर्मनीतील तरुणांनी त्याच खेळाला फोमची शस्त्रे आणि फोमचीच कवटी दिली, आणि आज तो अनेक देशांत रीतसर स्पर्धांसह खेळला जातो. प्रत्येक बाजूला मैदानावर पाच जण असतात. त्यांतील एकजण निःशस्त्र धावपटू असतो आणि केवळ त्यालाच कवटी उचलता येते. काळ ढोलाच्या ठोक्यांवर मोजतात, एक ठोका दीड सेकंदाचा. शस्त्राचा स्पर्श झालेला खेळाडू गुडघ्यावर बसून पाच ठोके थांबतो, आणि साखळीला बांधलेल्या फोमच्या चेंडूचा फटका बसल्यास आठ. मृत्यूच्या जागी मोजलेली शांतता ठेवण्याची ही युक्ती फार उपयुक्त आहे, कारण पडलेला खेळाडू परत येतो, पण त्याच्या गैरहजेरीची किंमत संघाला त्या काही सेकंदांत मोजावी लागते. आखाडा रचू इच्छिणाऱ्या प्रत्येक आयोजकाने एकदा तरी जगर खेळून पाहावे.

असा खेळ रचताना कशाकडे लक्ष द्यावे?

महाभारतातील द्यूतसभा या कामी उत्तम पाठ आहे. पैज दुर्योधन लावतो आणि फासे शकुनी टाकतो, म्हणजे नुकसान सोसणारा आणि खेळणारा वेगवेगळा आहे. युधिष्ठिराला उठून जाता आले असते, पण प्रत्येक फेरीगणिक ते अवघड होत गेले. आणि सर्वांत भेदक गोष्ट म्हणजे भरलेली सभा पाहत बसली आहे. तिथला ताण फाशांच्या दानापेक्षा भीष्म-द्रोणांच्या मौनात अधिक आहे. म्हणून खेळ रचताना चार गोष्टी ठरवाव्यात : पणाला काय लागले आहे, खेळणारा आणि पणाला लागलेला एकच आहे का, मध्येच थांबण्याची किंमत काय, आणि पाहणाऱ्यांच्या हाती काय आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि मग पन्नास माणसे अर्धा तास नुसती उभी राहतात. प्रेक्षकांना बोली लावू द्यावी, जीवदान मागू द्यावे, कोणाच्या तरी जागी स्वतः उतरू द्यावे.

निकालाबाबत रोमन आखाड्याकडे पाहावे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पोंपेई शहरातील भिंतींवर झुंजींचे निकाल कोरलेले सापडले आहेत, आणि त्यांत जिंकला, जीवदान मिळाले, मेला अशा तीन नोंदी येतात. प्रशिक्षित योद्धा महाग असे, म्हणून हरलेला प्रत्येक जण मारला जात नसे. लार्पमध्ये ही मधली नोंद सर्वांत फलदायी ठरते. ज्याला खलगटाने जीवदान दिले, तो कोणाच्या तरी ऋणात जगतो. वस्ती त्याच्यावर पूर्वीसारखा विश्वास ठेवत नाही. त्याच्या बदल्यात काय कबूल केले गेले, हे हळूहळू उघड होते. म्हणून तीन झुंजींपैकी दोन तरी जीवदानात संपाव्यात, असे आम्ही सुचवतो.

विषाच्या पेल्यांसारख्या खेळात पेल्यांत साधे पाणीच असावे आणि निकाल पेल्याच्या तळाशी चिकटवलेल्या रंगीत कागदावरून ठरावा. खेळाडूंना कशाची ॲलर्जी आहे, हे नोंदणीच्या वेळीच विचारून ठेवावे.

पात्र मेले तर खेळाडूने काय करायचे?

हे खेळाआधीच ठरलेले हवे. ‘डिस्टोपिया रायझिंग’च्या जगात माणसे एका बुरशीजन्य संसर्गामुळे मेल्यावर परत येतात; प्रत्येक मृत्यूबरोबर संसर्गाची शिल्लक कमी होते आणि ती संपली की पात्र कायमचे जाते. मृत्यू वारंवार घडावा, पण फुकट नसावा, अशा दीर्घकाळ चालणाऱ्या खेळांना ही पद्धत शोभते.

एकाच खेपेच्या खेळाला वेगळी वाट हवी. नॉर्वेच्या लार्पकारांनी २०११ मध्ये पहिल्यांदा सादर केलेल्या, न्यूयॉर्कमधील एड्सच्या साथीवरील ‘जस्ट अ लिटल लव्हिन’ या लार्पमध्ये अंकांच्या मधल्या वेळात मरणाची सोडत निघते, आणि पात्राने जितकी जोखीम घेतली, तितक्या त्याच्या चिठ्ठ्या त्यात पडतात. प्रलयाचा विषय नसला, तरी किरणोत्सार किंवा दूषित पाणी यांसाठी हे तंत्र हुबेहूब उचलता येते. दिवसभर कोणी किती दूषित पाणी प्यायले, याच्या चिठ्ठ्या रात्री मडक्यात पडतात, आणि त्या क्षणी खलगटाची पाण्यावरील मक्तेदारी सगळ्यांच्या लक्षात येते.

मेलेल्या पात्राच्या खेळाडूला लगेच नवे काम द्यावे. दुसरे पात्र, खलगटाची पाळी किंवा आयोजकांना मदत, यांपैकी काहीही चालेल. पहिल्याच संध्याकाळी मेलेला माणूस दोन दिवस तंबूत बसून राहणे हे आयोजनाचे अपयश आहे.

शस्त्रे कोणती वापरावीत?

जवळच्या लढाईसाठी आत लवचीक गाभा आणि वर फोमचे जाड आवरण असलेली शस्त्रे वापरावीत. गाभा असलेल्या शस्त्राने भोसकू नये आणि डोके, गळा व जांघ यांवर वार करू नये. फोमच्या गोळ्या उडवणारी खेळण्यातील पिस्तुले चालतात. प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या बंदुका वापरल्यास सर्वांना, अगदी स्वयंपाक्यालाही, संरक्षक चष्मा सक्तीचा करावा. प्रत्येक शस्त्र खेळाच्या सकाळी आयोजकांनी स्वतःच्या हाताने दाबून, वाकवून तपासावे.

खलगटाने कोणाला कैद केले किंवा छळले, तर ते कसे खेळावे?

खरे कुलूप कधीही लावू नये आणि खरी गाठ मारू नये. मनगटाभोवती सैल गुंडाळलेली दोरी ही बेडी मानावी आणि खेळाडूला ती केव्हाही काढता यावी. कैदेला वेळेची मर्यादा असावी. आमच्या मते पाऊण तास पुष्कळ झाला. त्या वेळात कैद्याकडे सतत कोणीतरी लक्ष दिले पाहिजे, कारण रिकाम्या खोलीत एकटे बसणे हा छळ नसून कंटाळा आहे. चौकशीचा प्रसंग शब्दांवर चालवावा आणि शारीरिक छळ केवळ सूचित करावा : दिवा मालवला जातो, बाहेर उभ्या असलेल्यांना किंकाळी ऐकू येते, आणि पुन्हा उजेड होतो तेव्हा प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते.

एखाद्याला त्रास होऊ लागला, तर खेळ कसा थांबवायचा?

उत्तर युरोपात दोन शब्द रूढ आहेत : ‘कुट’ म्हटले की सगळे जागच्या जागी थांबते आणि ‘ब्रेम्स’ म्हटले की समोरचा जोर कमी करतो, पण खेळ चालू राहतो. मराठी गटांनी ‘थांबा’सारखा रोजचा शब्द यासाठी निवडू नये, कारण पात्रेही तो ओरडत असतात. गोंगाटासाठी हातखूण हवी. अमेरिकेत रुळलेल्या पद्धतीत एकजण बोटांनी ‘ठीक आहे का?’ अशी खूण करतो आणि समोरचा अंगठा वर, आडवा किंवा खाली दाखवतो. अंगठा वर नसेल, तर त्याला शांतपणे बाजूला न्यायचे. खलगटाच्या खेळाडूंनी ही खूण स्वतःहून वारंवार करावी, कारण घाबरलेला माणूस प्रथम बोलेल अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. खेळ का थांबवला, याचे कारण कोणीही कोणाला विचारू नये.

क्रूर भूमिका करताना माणूस खरोखर क्रूर होतो का?

हा प्रश्न विचारणारे बहुधा १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगाचा दाखला देतात, ज्यात काही विद्यार्थी कैदी आणि काही पहारेकरी झाले होते. दोन आठवड्यांसाठी योजलेला तो प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, हे खरे आहे. मात्र पहारेकऱ्यांनी कठोर व्हावे, असे प्रयोग चालवणाऱ्यांनीच त्यांना सुचवले होते, हेही पुढे कागदपत्रांतून उघड झाले. आमच्या दृष्टीने यातून निघणारा धडा आयोजकांसाठी आहे. खलगट काय करतो, हे आयोजक कशाला प्रोत्साहन देतात आणि कशाकडे डोळेझाक करतात यावर ठरते, त्यामुळे खलगटावर नेमलेला एक आयोजक सतत त्यांच्यासोबत असावा.

भूमिका आणि माणूस वेगळे राहू शकतात, याची खात्री मराठी प्रेक्षकांना वेगळी पटवायला नको. निळू फुले यांनी पडद्यावर रंगवलेले पाटील आणि पुढारी पाहून लोक संतापत, आणि प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात घडलेले, सामाजिक चळवळींना आयुष्यभर साथ देणारे गृहस्थ होते. तरीही भावना भूमिकेतून माणसात झिरपतात, हे नाकारू नये. २००७ च्या सुमारास खेळरचनाकार एमिली केअर बॉस यांनी या झिरपण्याला ‘ब्लीड’ हे नाव दिले, आणि आज लार्पकारांत तो रोजच्या वापरातला शब्द आहे. ज्याच्यावर दोन दिवस ओरडलो, त्याच्याशी शेवटच्या रात्री पात्राबाहेर येऊन बोलावे, एकत्र जेवावे, आणि खेळातील वाईट वागणे त्या माणसाच्या नावावर कोणी मांडू नये. या संवादासाठी कार्यक्रमपत्रिकेतच तासभर राखून ठेवावा.

आखाड्यावर खऱ्या पैशांच्या पैजा लावता येतील का?

नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा लागू आहे. पैजा बाटल्यांच्या बुचांत किंवा खेळातल्याच इतर चलनात लावाव्यात.

महाराष्ट्रात असा खेळ भरवायचा, तर जागेबाबत काय पाहावे?

पोलंडमधील ‘ओल्डटाउन’ हा प्रलयोत्तर खेळमेळा सोव्हिएत सैन्याने सोडलेल्या विमानतळावर भरत आला आहे, आणि असे अवशेष पाहून कोणालाही बंद गिरणी किंवा पडक्या कारखान्याचा मोह होतो. आपल्याकडे अशा जागांत ॲस्बेस्टॉसचे फुटके पत्रे, उघड्या विहिरी, गंजलेले जिने आणि साप-विंचू असतात, म्हणून सुरुवातीला मालकाच्या लेखी परवानगीने घेतलेली खडकाळ शेतजमीन किंवा कृषी पर्यटन केंद्र बरे. गड-किल्ले आणि संरक्षित स्मारके यांवर असा खेळ करू नये. स्थानिक पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवावे आणि आजूबाजूच्या वाड्यांत स्वतः जाऊन सांगावे, कारण रात्री मुखवटे घालून फिरणारी माणसे पाहून गावकऱ्यांनी घाबरणे स्वाभाविक आहे. सैन्याचा खरा गणवेश किंवा त्यासारखा दिसणारा पोशाख वापरू नये. चामडे, रबर आणि मुखवटे यांच्या वेशात एप्रिल-मेच्या उन्हात उष्माघाताचा धोका मोठा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. कथेत पाणी कितीही दुर्मीळ असले, तरी प्रत्यक्षात पिण्याच्या पाण्याची पिंपे पांढऱ्या कापडाने खेळाबाहेरची म्हणून खूण करून सर्वत्र ठेवावीत, आणि त्या कापडाजवळ खलगटातील कोणीही भूमिकेत बोलू नये.

अठरा वर्षांखालील मुलांना घ्यावे का?

खलगट, कैद आणि प्राणघातक खेळ असलेल्या लार्पमध्ये घेऊ नये. त्यांच्यासाठी जगरचा दिवसभराचा सामना ठेवावा. वेशभूषा, ढोल आणि फोमची कवटी एवढ्यावर त्यांचा दिवस मजेत जातो, आणि पालकांनाही मैदानाच्या कडेला बसून ठोके मोजता येतात.